पेंटरांनी नेटला कुलूप घातलं

आपलं नेट चोरीला जातंय, ही बातमी पेंटरांना चोरानेच दिली.

सकाळी ते दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर खाली उतरत होते. मास्तर मध्येच थांबले आणि घरातलं माणूस आजारी असल्यासारख्या सुरात म्हणाले, "पेंटर, तुमचं नेट हल्ली फार मंद चालतंय हो. कुणाला तरी बोलावून दाखवून घ्या. काल माझा अख्खा सिनेमा अडकत अडकत गेला."

"हो, दाखवतो," पेंटर म्हणाले. वर "माफ करा" असंही म्हणाले. (पेंटरांचा स्वभावच तसा होता. कुणी त्यांच्या पायावर पाय दिला, तर पाय मध्ये आल्याबद्दल तेच दिलगिरी व्यक्त करत.)

घरी येऊन त्यांनी दूध तापायला ठेवलं आणि झाल्या गोष्टीवर विचार सुरू केला. पेंटरांचा विचार सावकाश चाले. दूध वर यायला लागलं तेव्हा कुठे तो मुक्कामाला पोचला. सिनेमा मास्तरांचा, घर मास्तरांचं, मोबाइलही मास्तरांचा. मग नेट आपलं कसं?

जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना पेंटर म्हणत. शाळा फार लवकर सुटली होती, पण अक्षर असं, की लोक रस्ता ओलांडून पाटी बघायला येत. आता शिडीवर चढणं जमत नव्हतं. घरात ते आणि काकू, दोघंच. लेक दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स होती. आईबापांचं तोंड बघता यावं म्हणून तिने घरात नेटचा डबा बसवून दिला होता आणि एक टॅबही पाठवला होता. डबा बसवणाऱ्या वायरवाल्याने पासवर्ड म्हणून एकपासून आठपर्यंतचे आकडे ओळीने टाकले आणि जाताना जिन्यातून ओरडून सांगितलं, "काका, पासवर्ड एक ते आठ, विसरू नका हं." पेंटर विसरले नाहीत. जिन्यातलंही कुणी विसरलं नाही.

एरवी पेंटरांनी हेही पोटात घातलं असतं. पण आज काकूंचा क्लास होता.

काकू विणकाम फार सुरेख करत. लेकीने आईने विणलेला स्वेटर घालून फोटो काढला, तो कुणी कुणाला दाखवला, आणि बघता बघता लांबलांबच्या पाच-सहा बायका म्हणाल्या, आम्हाला शिकवा. टॅबवरून, घरबसल्या, आज संध्याकाळी पाचला पहिला क्लास. काकू आठवडाभर बंद टॅबपुढे बसून "नमस्कार, मी तुम्हाला उलटा टाका शिकवते" असं म्हणून बघत होत्या. काल लेकीबरोबर रंगीत तालीम झाली. तर ऐन उलट्या टाक्यावर नेट अडकलं. काकूंचं तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, सुई हवेत. लेक हसून म्हणाली, "आई, तू पुतळा झालीस गं."

काकू हसल्या नाहीत. रात्री जेवताना हळूच म्हणाल्या, "उद्या असं झालं ना, तर मी परत नाही बसणार. ह्या वयात चार लोकांपुढे पुतळा नाही व्हायचं मला."

पेंटरांनी हातातला घास ताटात परत ठेवला होता.

म्हणून दुपारी काकू लोकर आणायला बाहेर पडल्या, तसं त्यांनी मनाशी ठरवलं. नेटला कुलूप घालायचं. गुपचूप. काकू येतील तेव्हा नेट कसं वाऱ्यासारखं पळत असेल. त्यांनी आपल्या साध्या, बटणांच्या फोनवरून लेकीला फोन लावला.

"बाबा, सोपं आहे," लेक म्हणाली. टॅबवर कुठे जायचं, काय दाबायचं, सगळं तिने सांगितलं. "आधी नेटचं नाव बदला, मग पासवर्ड बदला. मी ड्यूटीवर चाललेय, आता रात्रीपर्यंत माझा फोन कपाटात."

"पासवर्ड कसा ठेवू?"

"तुम्ही झोपेतसुद्धा विसरणार नाही असा. आणि दुसऱ्या कुणाला सात जन्मांत सुचणार नाही असा. निदान आठ अक्षरी. आईचं नाव ठेवू नका हं, सगळे नवरे तेच ठेवतात."

"बरं," पेंटर म्हणाले.

नावाचं काम चुटकीसरशी झालं. इंग्रजीत त्यांना हुकमी येणाऱ्या पाट्या मोजक्याच होत्या. त्यांतली सगळ्यात धाक बसवणारी त्यांनी निवडली. बिवेअर ऑफ डॉग. बंगल्यांच्या फाटकांवर ती इतक्यांदा लिहिली होती, की आंधळ्यालाही जमली असती.

पासवर्डाशी मात्र ते थबकले. आईचं नाव नको, असं लेक म्हणाली होती. पण तिच्या आईचं आणखी एक नाव होतं, ते लेकीलाही ठाऊक नव्हतं.

नव्या संसारात त्यांना एकच खोली होती आणि तिच्यात माणसांपेक्षा रंगाचे डबे जास्त होते. काकूंना वस्तू जपून ठेवायची सवय, आणि कुठे जपून ठेवल्या ते विसरायची त्याहून दांडगी सवय. पेंटर डबा उघडायला जात, तर रंगाऐवजी बटणं निघत. ब्रशांच्या पेटीत लोकरीचे गुंडे सापडत. तेव्हा ते हसून त्यांना 'खारूताई' म्हणत. अगदी हळू, कुणी नसताना. पुढे लेक झाली, घरात माणसांची ये-जा वाढली, आणि ते नाव ओठांवर यायचं राहिलं. मनातून गेलं नव्हतं, एवढंच.

त्यांनी तेच टाकलं. एका बोटाने, एकेक अक्षर, जिभेचं टोक दातांत धरून. टॅबने पुन्हा एकदा मागितलं, ते पुन्हा दिलं. नेट गेलं, आणि टॅबने त्यांनाच पासवर्ड विचारला. घरच्या धन्यालाही दारात अडवतो, म्हणजे पहारेकरी चोख आहे, असं मनाशी म्हणत पेंटरांनी टॅब मिटून ठेवला आणि स्वतःसाठी अर्धा कप चहा टाकला.

चहा गाळायच्या आत दार वाजलं. मास्तर होते, आणि त्यांच्या मागे समोरच्या वहिनी.

"पेंटर, तुम्ही कुत्रा पाळलात?"

"नाही."

"मग हे काय?" मास्तरांनी मोबाइल पुढे केला. "तुमचं नाव यादीतून गेलं आणि हा कुत्रा आला. इमारतीत कुत्रा ठेवायचा तर आधी विचारायला हवं."

"तो मीच आहे," पेंटर म्हणाले.

मास्तरांनी मोबाइल मागे घेतला.

"बाकी कुत्रा असेल तर असू दे," वहिनी म्हणाल्या. "पण तो पासवर्ड विचारतोय. मी बहिणीशी बोलत होते काका, ती अर्ध्यात गेली. नवऱ्याबद्दलच सांगत होती, तेवढ्यात."

नेट आमचं आहे, हे सांगायला पेंटरांनी तोंड उघडलं. (हे वाक्य त्यांनी दूध तापल्यापासून तयार करून ठेवलं होतं.) पण तेवढ्यात काकू लोकरीची पिशवी घेऊन आत आल्या. मंडळी का जमली हे त्यांनी विचारलंच नाही. क्लासची वेळ जवळ आली होती. त्यांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, सुया मांडल्या, टॅब उघडला आणि म्हणाल्या, "अहो, हा पासवर्ड मागतोय."

"हो. मी बदलला. कुलूप घातलं."

"बरं केलंत. काय आहे?"

पेंटरांनी मास्तरांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. "मग सांगतो."

"मग कधी? पाच वाजायला आले."

"सांगायचा नसतो पासवर्ड. लेक म्हणालीये."

"अहो, चोराला सांगायचा नसतो. बायकोला सांगायचा असतो."

"आम्ही कान झाकून घेतो," वहिनी म्हणाल्या आणि आणखी दोन पावलं पुढे आल्या.

पेंटर वाकले आणि काकूंच्या कानात पुटपुटले. गडबडीत त्यांनी धरला तो काकूंचा उजवा कान. तो गेली काही वर्षं फक्त डूल अडकवायच्या कामाचा राहिला होता.

"कोण ताई?" काकूंनी मोठ्याने विचारलं.

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं.

"कोणी ताई नाही गं."

"मी ऐकलं की. काहीतरी ताई म्हणालात. कुठल्या ताईच्या नावाने कुलूप घातलंत माझ्या घराला?"

"काकू, आमच्या ह्यांच्या पासवर्डातसुद्धा अशीच एक मावशी निघाली होती," वहिनींनी धीर दिला.

"इतिहासात पुष्कळ दाखले आहेत," मास्तर म्हणाले.

काकूंनी टॅब टेबलावर ठेवला. आवाज चढला नाही, पण पेंटरांना त्या आवाजाची ओळख होती. त्यात थोडं पाणी होतं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझा क्लास तुम्हाला नको होता, तर तसं सांगायचं. दार लावून किल्ली लपवायची काही गरज नव्हती."

पेंटरांनी उभ्या आयुष्यात चारचौघांत लाडाचा शब्द उच्चारला नव्हता. लग्नातसुद्धा बायकोचं नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा ते पाणी प्यायला म्हणून उठून गेले होते. पण आता त्यांनी डोळे भिंतीला लावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खारूताई."

"खारूताई?" मास्तर म्हणाले.

"हिला म्हणायचो मी. पूर्वी. एकच खोली होती तेव्हा."

"बायकोला ताई?" वहिनींना हसू आवरेना.

"खारीला दुसरं काय म्हणतात?" पेंटर म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते.

काकूंनी लोकरीचा गुंडा उचलला, उगाच उलटसुलट केला, परत ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे लक्षात होतं तुमच्या."

"विसरेन कसं?"

"मला वाटलं विसरलात. इतकी वर्षं माझ्यासाठी तोंडातून निघालं नाही, आणि त्या डब्याला सांगितलंत होय."

आता खरं म्हणजे सगळं निभावलं होतं. पण मास्तरांनी टॅब ओढून घेतला. "स्पेलिंगचं माझ्यावर सोपवा," ते म्हणाले आणि त्यांनी खारूताई टाकली. टॅब म्हणाला, चूक. त्यांनी 'रू' दीर्घ करून पाहिला. चूक. 'ता' लांबवला, 'ई' बदलली, खारीला एक जादा 'ए' दिला. चूक, चूक आणि चूक.

"तुम्ही काय काय टाकलंत, एकेक अक्षर सांगा बघू," मास्तर म्हणाले.

"तोंडाने नाही सांगता येत. मला त्यांचे आकार ठाऊक आहेत, नावं नाहीत सगळ्यांची."

"मग टाकून दाखवा."

पेंटरांनी टाकलं. मागून तीन डोकी टॅबवर वाकलेली, मानेवर मास्तरांचा श्वास. चूक. पुन्हा टाकलं. चूक. पेंटरांच्या कपाळाला घाम आला. "असंच होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "असंच होतं ना?"

वहिनींनी वायरवाल्याला फोन लावून दिला. तो म्हणाला, उद्या येतो.

"राहू दे," काकू म्हणाल्या. त्यांनी सुया गोळा करायला घेतल्या. "माझ्या नशिबात नव्हतं म्हणायचं."

"थांब गं. मास्तर, तुमच्या नेटवर घेऊ द्या हिला आजचा दिवस."

"माझ्या?" मास्तर म्हणाले. "माझं म्हणजे तुमचंच ना ते."

"वहिनी, तुमच्या फोनचं?"

"मी फोनमध्ये नेट भरतच नाही, काका. कधी गरजच पडली नाही."

हे ऐकून एखादा माणूस भडकला असता. पेंटर म्हणाले, "तेही खरंच." पण काकूंच्या हातातल्या त्या गोळा केलेल्या सुया त्यांना बघवेनात. ते गॅलरीत गेले आणि जुना प्लायवुडचा तुकडा, खडू, पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. प्लाय त्यांनी काकूंच्या टेबलामागे भिंतीला टेकवला.

"कागदावर लिहा की," मास्तर म्हणाले.

"कागदावर बोटं लिहितात. पाटीवर खांदा लिहितो. विसरलीत ती बोटं, खांदा नाही विसरायचा."

त्यांनी खडूने दोन रेघा मारल्या, ब्रश बुडवला, डब्याच्या कडेला निपटला आणि एक पाय मागे घेऊन उभे राहिले. हात सुरू झाला. मघाशी टॅबवर अडखळणारा तोच हात, पण आता तो पाण्यावरून होडी जावी तसा चालला होता. पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं. चौथ्याला काकू म्हणाल्या, "अहो, सावली नंतर द्या. आधी अक्षरं होऊ देत."

"सावलीशिवाय अक्षर उचलून दिसत नाही," पेंटर म्हणाले, पण त्यांनी ऐकलं. प्लायवर ठसठशीत अक्षरं उभी राहिली: CHAROOTAY.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हा सी कुठला?"

"गॅरेजचा. कार."

"आणि पुढे एच?"

"कारमध्ये ह मिसळला की खार. क चा ख असाच तर होतो."

"हे दोन ओ?"

"खोली भाड्याने देणे आहे, त्या पाटीतले. रूम."

"आणि ताईला हा वाय?"

"तो बेकरीचा. बेकरीतली ई त्याच्यावरच बसते."

मास्तरांनी पाटी ओठांतल्या ओठांत वाचून पाहिली. "पेंटर, हे चारूटे झालं."

"तुम्ही वाचताय तसं," पेंटर शांतपणे म्हणाले. "लिहिलंय खारूताई."

मास्तरांनी अक्षरं टाकली. चूक. काकूंनी सुया पिशवीत घातल्या. तेवढ्यात मास्तरांचा हात थांबला. "पेंटर, तुम्ही सगळी कॅपिटल लिहिलीत?"

"पाटीवर बुटकं अक्षर कोण लिहितं? रस्त्यापलीकडून दिसायला नको?"

"टॅबवरसुद्धा?"

"आधी सगळी बुटकीच येत होती. मी एक बटण दाबून उभी केली. मघाशी परत बुटकी झाली, ती मी नाही केली."

ती मास्तरांनी केली होती, पण त्यांना लगेच खोकला आला. खोकून झाल्यावर त्यांनी अक्षरं पुन्हा टाकली, उभी. खोलीत टिंग असा आवाज झाला. मग आणखी एक टिंग. आणि दाराबाहेरून तिसरा. पहिला टॅबचा होता. दुसरा वहिनींच्या मोबाइलचा, कारण पाटी चांगली हातभर लांब होती आणि वहिनींची नजर चांगली होती. तिसरा कुणाचा ते कळलं नाही, पण जिन्यात पावलं उतरत गेली.

पेंटरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. दुपारभर खपून त्यांनी घराला कुलूप घातलं होतं, आणि आता त्याची किल्ली रंगवून भिंतीला टेकवली होती.

काकूंनी मात्र टॅब छातीशी धरला, जिन्यापर्यंत गेल्या आणि खालवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाच ते सहा माझा क्लास आहे. त्या वेळात कुणी नेटला हात लावायचा नाही. सिनेमे नाहीत, बहिणी नाहीत. लावला, तर उद्यापासून खारूताई बदलेल."

"एवढंच होतं, तर आधी सांगायचं ना काकू," वहिनी म्हणाल्या. "आम्ही काय परके आहोत?"

"मी पाच ते सहा वाचन करीन म्हणतो," मास्तर म्हणाले.

सकाळी जिन्यात तेवढंच बोलायला हवं होतं, हा विचार पेंटरांच्या मनात निघाला. पोचायला त्याला वेळ लागला, तोवर पाच वाजून गेले.

क्लास सुरू झाला. टॅबवर एकेक चेहरा उगवत गेला. पाटी ओली होती, हलवली तर रंग ओघळला असता, म्हणून ती काकूंच्या मागेच राहिली. पेंटर कोपऱ्यातल्या स्टुलावर श्वाससुद्धा बेताने घेत बसले होते.

"नमस्कार, चारूटे बाई," पहिली बाई म्हणाली.

"नमस्कार, चारूटे बाई," बाकीच्याही म्हणाल्या.

काकूंनी मागे वळून पाटीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पाहिलं. पेंटरांनी डोळे मिटून घेतले. "नमस्कार," काकू म्हणाल्या. "मी तुम्हाला उलटा टाका शिकवते."

आणि त्यांनी शिकवला. नेट एकदाही अडकलं नाही. एका बाईचा टाका सुटला, तो काकूंनी तिला सोडवून दिला. दुसरीने विचारलं, तुम्ही इतकं सोपं करून कसं सांगता? काकूंचे गाल त्यावर असे फुलले, की पेंटरांना ती जुनी खोली आठवली आणि रंगाच्या डब्यांतून निघणारी बटणंही.

शेवटी तिसरी एक बाई म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमच्या मागचा बोर्ड कुणी लिहिलाय? काय अक्षर आहे. माझं लोकरीचं दुकान आहे, मला अगदी असाच लिहून हवाय."

"आमच्या ह्यांनी," काकू म्हणाल्या. त्या आवाजात इतका अभिमान होता, की पेंटर स्टुलावर ताठ झाले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि आपलाही चेहरा दिसावा म्हणून थोडे पुढे सरकले.

"देतील ते माझ्यासाठी लिहून?"

"देतील की, आनंदाने देतील," काकू म्हणाल्या. "स्पेलिंग तेवढं तुमचं तुम्ही घेऊन या."